‘नशीब मान’ म्हणणाऱ्यांसाठी, तीन मुलांच्या आईकडून

घरात तीन लहान मुलं असली की साध्या सर्दीचासुद्धा हिशेब मांडावा लागतो. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं डॉक्टरांच्या लेखी अगदी सामान्य. एकेक सर्दी आठ-दहा दिवसांची, मागे रेंगाळणारा खोकला कधी कधी तीन आठवड्यांचा. आता याला तीनने गुणा. तिघं एकदम आजारी पडली तर एका खेपेत उरकेल, पण इतक्या शिस्तीत कुणी पडत नाही. मोठ्याचं नाक वाहायचं थांबतं त्याच दिवशी मधली शिंकते, आणि मधली शाळेत जायला लागते तेव्हा धाकट्याला ताप भरतो.

मोठा सात वर्षांचा, मधली चार वर्षांची, धाकटा अजून वर्षाचा व्हायचाय. गेल्या महिन्यात मोठ्याच्या सर्दीने सुरुवात झाली आणि शेवट धाकट्याला ऑक्सिजन लावण्यात झाला. आता तो ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पोस्ट अर्धी सोडून कुणी फोन करायला नको. मला लिहायचंय ते त्याच्या आजाराबद्दल थोडं आणि त्या दिवसांत लोक जे बोलले त्याबद्दल जास्त.

लोक एकच बोलले, वेगवेगळ्या तोंडांनी. नशीब मान, वेळेत लक्षात आलं. नशीब मान, तीन मुलं आहेत, कित्येकांना एक होत नाही. नशीब मान, नवरा मदत करतो. (स्वतःच्या मुलाला रात्री कडेवर घेणं ही ‘मदत’ कशी, ते नंतर कधीतरी.) आणि सगळ्यांत आवडता सल्ला: ‘अगं, लोकांचं याहून वाईट असतं.’

असतं ना. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं बाळ आमच्या बाळापेक्षा खूप जास्त आजारी होतं. त्याची आई साधारण माझ्याच वयाची. तिच्याकडे बघून मी समाधान मानायचं असेल, तर तिने कुणाकडे बघायचं? दुसऱ्याच्या दुखण्यावर उभं राहून जे वाटतं ती सुटका असते. सुटका वाटण्यात गैर काही नाही, मलाही वाटली. फक्त तिला कृतज्ञता म्हणून मिरवू नये.

कृतज्ञतेवर माझा राग नाही, उलट. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना आपण कशाकशाबद्दल ऋणी आहोत हे नियमाने लिहायला लावलं, काहींना रोजच्या कटकटी लिहायला लावल्या आणि ताडून पाहिलं. ऋण लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य एकंदरीत जास्त बरं वाटत होतं. त्यातल्या एका प्रयोगात तर स्नायूंच्या दीर्घ आजाराने ग्रासलेली माणसं होती. म्हणजे दुखणं आणि ऋण एका घरात राहू शकतात, हे मला मान्यच आहे. पण ती यादी ज्याची त्याने लिहिली होती. मी रात्रभर जागून उलटीची चादर भिजवत असताना माझी यादी दुसऱ्या कुणी तोंडी करून देण्याचा परिणाम एवढाच होतो, की मी गप्प बसते. तेच हवं असतं की काय, अशी शंका मला हल्ली येते.

तर माझी यादी मीच करते. माझ्या यादीत ‘नशीब’ नाही, कारण नशिबाला आभाराचं पत्र पाठवता येत नाही. आभार मानायचे तर ते कुणाचे तरी असले पाहिजेत, आणि कशाबद्दल तेही सांगता आलं पाहिजे.

धाकट्याला ब्राँकिओलायटिस झाला होता. आरएसव्ही नावाचा विषाणू त्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण. दोन वर्षांची होईपर्यंत बहुतेक सगळ्या मुलांना तो एकदा तरी गाठतोच. सात वर्षांच्या मुलात तो साधी सर्दी करून निघून जातो. बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यांत बारीक नळ्या मात्र सुजतात, त्यात चिकट स्राव साचतो आणि श्वास घेणं हेच दिवसभराचं काम होऊन बसतं. पहिले दोन दिवस नुसतं नाक गळतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात तो सहसा सर्वांत जोर करतो, म्हणजे नेमकं आपण ‘आता उतरेल’ म्हणून निर्धास्त होतो तेव्हा.

मला श्वास मोजायला आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मोठ्याच्या वेळीच शिकवलं होतं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे डॉक्टरांकडे निघायचं. आमचा पन्नाशीच्या बराच पुढे होता, बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता, आणि दूध ओढायला लागला की दमून सोडून देत होता. ‘वेळेत लक्षात आलं’ ते असं. कुणीतरी मला वेळ काढून शिकवलं होतं म्हणून.

दवाखान्यात गेल्यावर त्याच्या पायाच्या अंगठ्याला एक लाल दिवा बांधला. ऑक्सिमीटर, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवणारा. त्याचा आकडा बघत मी रात्री काढल्या. हे यंत्र आपल्याला आता इतकं सवयीचं झालंय, पण त्यामागे एक माणूस आहे. ताकुओ आओयागी नावाचे जपानी अभियंता १९७० च्या दशकात हृदय किती रक्त ढकलतं ते कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून मोजायच्या खटपटीत होते. नाडीचा ठोका सारखा मध्ये येऊन मोजमाप बिघडवायचा. त्यांच्या लक्षात आलं की हाच ठोका उपयोगाचा आहे: जो भाग ठोक्याबरोबर बदलतो तो धमनीतल्या रक्ताचा, मग त्यातला ऑक्सिजन बाहेरून कळू शकतो. त्याआधी खात्रीने कळायला धमनीतून रक्त काढावं लागे. माझ्या बाळाला त्या रात्रींत या आकड्यासाठी एकदाही टोचावं लागलं नाही. आओयागी २०२० साली गेले. माझे आभार त्यांना.

आणि रात्रपाळीच्या सिस्टरना. या आजारावर नेमकं औषध नाही. विषाणूचा आजार, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. हवा असतो तो गरजेपुरता ऑक्सिजन, थोडं थोडं दूध किंवा पाणी, नाक मोकळं ठेवणं आणि लक्ष. म्हणजे जे काही करायचं ते सगळं हातांनी, दर काही तासांनी, न कंटाळता. नाकात सलाईनचे थेंब सोडून स्राव कसा ओढायचा, दूध पाजायच्या आधीच का ओढायचा, हे त्यांनी मला तिथे उभं करून शिकवलं. त्यांच्या एका पाळीत किती बाळं असतात हे मी पाहिलं आहे. ज्यांना ‘देवदूत’ वगैरे लिहायची हौस आहे त्यांनी त्यांच्या पगाराबद्दल आणि पाळ्यांबद्दलही कधीतरी लिहावं.

आता मोठ्याबद्दल. खरं तर त्याच्यामुळेच लिहायला बसले.

धाकटा घरी आल्यावर मोठा त्याच्याजवळ जाईना. दारात उभा राहून बघायचा. हात धुवायचा, परत धुवायचा, पण हात लावायचा नाही. मला वाटलं, सिस्टरनी सांगितलेलं जास्तच मनावर घेतलंय. मग एका रात्री उशीत तोंड घालून बोलला. जवळच्याच एका नातेवाईक बाईंनी त्याला विचारलं होतं, हसत हसत, गाल ओढून: ‘शाळेतून तूच आणलंस ना रे हे दुखणं?’ आणि त्याच्या दृष्टीने याहून भयंकर गोष्ट आणखी एक होती. बाळाने त्याचं चित्र फाडलं होतं तेव्हा तो चिडून ‘तू जा इथून’ म्हणाला होता. नंतर बाळ खरंच गेलं. दवाखान्यात.

या वयाच्या मुलांना आपल्या रागाने, मनात आलेल्या विचाराने खरंच काहीतरी घडतं असं वाटू शकतं. ती तसं बोलून दाखवत नाहीत, आतल्या आत हिशेब करून मोकळी होतात. आपण गमतीत बोललेलं वाक्य त्या हिशेबात पुरावा म्हणून जाऊन बसतं. तेव्हा कृपा करून, कुठल्याही घरातल्या कुठल्याही मोठ्या मुलाला हे वाक्य म्हणू नका. गमतीतही नाही. विषाणू शाळेतून येतो, ऑफिसातून येतो, गाल ओढणाऱ्या पाहुण्यांकडूनही येतो, आणि आणणाऱ्याला लक्षण दिसायच्या आधीच तो पुढच्याकडे जाऊ शकतो. सात वर्षांच्या मुलाने त्यात काय करायला हवं होतं?

हे सगळं मी त्याला सांगितलं. पटलं नाही. मग गोष्ट सांगितली, खरी घडलेली.

१९६३ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेत जेरिल लिन नावाची पाच वर्षांची मुलगी रात्री एकच्या सुमाराला बाबांना उठवायला आली. घसा दुखतोय म्हणाली. गालगुंड झालं होतं. बाबांचं नाव मॉरिस हिलमन, काम लसी तयार करण्याचं. त्यांनी तिला परत झोपवलं, प्रयोगशाळेत जाऊन साहित्य घेऊन आले, तिच्या घशातून बोळ्याने नमुना घेतला आणि नेऊन गोठवून ठेवला. तो विषाणू पुढे कोंबडीच्या अंड्यांत आणि पिल्लांच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला, आणि त्याची लस झाली. ती टोचून घेणाऱ्या पहिल्या काही मुलांत जेरिलची धाकटी बहीण कर्स्टन होती, वर्षाची. १९६७ साली लसीला परवानगी मिळाली. विषाणूच्या त्या वाणाचं नाव आजही ‘जेरिल लिन’ आहे आणि अनेक देशांतल्या लसीत तो अजून वापरला जातो.

‘म्हणजे ताईच्या आजाराचंच छोटीला औषध झालं?’ मोठ्याने विचारलं.

लस म्हणजे नेमकं औषध नव्हे, पण मी हो म्हटलं. दुसरा प्रश्न होता, घशात बोळा घातला तेव्हा तिला दुखलं का. थोडंसं दुखलं असेल, म्हटलं. एवढ्याने सगळं मिटलं असं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी बाळाच्या पायाला हात लावून आला, धुतलेल्या, ओल्याच हाताने. बाळ किंचाळलं, थंड लागलं म्हणून. तो पळाला आणि थोड्या वेळाने हात पुसून परत आला.

मधलीची तऱ्हा निराळी. या सगळ्या काळात ती एकटी धडधाकट, आणि तोच तिचा गुन्हा. आमच्या फ्रिजवर कागद असतो, प्रत्येकाच्या नावाचा रकाना: औषध किती, किती वाजता, कुणी दिलं. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तास, आणि थेंबांची व सिरपची तीव्रता वेगळी असू शकते. रात्री आम्ही दोघं आळीपाळीने उठतो. लिहिलं नाही तर एकाच मुलाला दोनदा दिलं जायचं. तर भावांचे रकाने भरत होते आणि हिचा कोरा. तिने थर्मामीटर बाहुलीच्या काखेत लावून पाहिला, मग स्वतःच्या. ‘मला कधी ताप येणार?’ असं रोज विचारायची. शेवटी स्वतःच्या रकान्यात स्वतःच चांदण्या काढल्या आणि नवऱ्याला म्हणाली, ‘बाबा, मला सहा वाजता चार.’ त्याने सिरिंजमध्ये पाणी भरून दिलं. रोज सहाला द्यावं लागायचं, चुकलं की रडणं.

आजारी मुलाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. धडधाकट मुलाला ‘तू शहाणी आहेस ना’ एवढंच मिळतं. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांना मी सांगू शकले असते: या आणि हिच्याजवळ बसा. पण सांगायलासुद्धा डोकं जागेवर लागतं. वरच्या मजल्यावरची एकजण न विचारता आली, ‘हिला घेऊन जाते, जेवूनच पाठवते’ म्हणाली आणि घेऊन गेली. मग रोज संध्याकाळी न्यायला लागली. ना फोटो टाकला, ना मला नशिबाची आठवण करून दिली.

परवा तिला विचारलं, याची परतफेड कशी करू? मला वाटलं, ‘अगं काहीतरीच काय’ म्हणेल. ती म्हणाली, ‘पुढच्या महिन्यात ह्यांचं ऑपरेशन आहे. माझी दोन्ही पोरं तुझ्याकडे ठेवशील? रात्रीसुद्धा?’

म्हणजे आमच्या घरात पाच. हो म्हटलंय. तिचा धाकटा झोपेत लाथा मारतो हे तिने हो म्हटल्यावर सांगितलं.