व्हॅरम पर्सी गाव प्लेगने नव्हे, मेंढ्यांसाठी उठवले गेले

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या टेकड्यांत व्हॅरम पर्सी हे ओसाड गाव आहे. तिथल्या सेंट मार्टिन या छप्पर नसलेल्या चर्चचे छायाचित्र समाजमाध्यमांवर वरचेवर फिरते आणि सोबत मजकूर असतो : ‘१३४९ च्या प्लेगने सारे गाव मेले आणि तेव्हापासून हे चर्च बंद पडले.’ हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

प्लेगने गावाची मोठी हानी केली हे खरेच. पण त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, १३६८ मध्ये, तिथे सुमारे तीस घरे नांदती होती. गाव उठले ते १५०० च्या सुमारास. मजूर महाग झाले होते आणि धान्यापेक्षा लोकरीत जास्त पैसा होता, म्हणून हिल्टन घराण्यातील जमीनदाराने उरलेली चार कुटुंबे हुसकावून शेतजमीन मेंढ्यांच्या चराईला लावली. अशा बेदखलीची सरकारी चौकशी १५१७ मध्ये झाली, तीत या गावाची नोंद आहे. प्लेगवर खापर फोडले की जमीनदाराचा हा निर्णय अलगद नजरेआड होतो. म्हणूनच ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

चर्चचे म्हणाल तर ते गावानंतरही साडेचारशे वर्षे चालू राहिले. ते एकट्या व्हॅरम पर्सीचे नव्हतेच. थिक्सेंडेलसारख्या शेजारच्या वस्त्यांचेही तेच चर्च होते. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडल्यावर ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या स्वतंत्र पंथाचे, झाले आणि थिक्सेंडेलचे लोक डोंगरवाटेने तिथे प्रार्थनेला येत राहिले. छायाचित्र नीट पाहिले तर भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानी आणि त्यांत अर्धे गाडले गेलेले खांब दिसतात : माणसे घटली तशा बाजूच्या पडव्या पाडून कमानी बुजवल्या गेल्या. बंद पडलेल्या वास्तूची अशी डागडुजी कोणी करत नाही. थिक्सेंडेलला १८७० मध्ये स्वतःचे चर्च मिळाले आणि इथली वर्दळ ओसरली, तरी शेवटची नियमित प्रार्थना १९४९ मध्ये झाली. छपरावरचे शिशाचे पत्रे त्यानंतर चोरीला गेले आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा भाग कोसळला. छायाचित्रातली पडझड ही अशी गेल्या शतकातली आहे.

‘आवारात प्लेगचे बळी पुरले आहेत’ अशी पुस्तीही काही जण जोडतात. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० या काळात झालेल्या उत्खननात तिथे सुमारे सातशे सांगाडे मिळाले, परंतु ती दफने एका साथीतली नसून कित्येक शतकांतली आहेत.