एक्सएसएल-एफओ की रिपोर्टिंग टूल : एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार,

छापील दस्तऐवजांसाठी एक्सएसएल-एफओ (पानांची मांडणी एक्सएमएलमध्ये लिहिण्याचे खुले मानक) वापरावे, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. ज्या मानकाची शेवटची आवृत्ती २००६ साली आली त्यावर नवी यंत्रणा उभारणे धोक्याचे आहे; व्यावसायिक रिपोर्टिंग टूलमध्ये (डेटाबेसमधल्या माहितीचे अहवाल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तासाभरात मांडून होणाऱ्या अहवालासाठी एक्सएसएलटीत (एक्सएमएल माहितीचे एक्सएसएल-एफओत रूपांतर करण्याच्या भाषेत) कित्येक दिवस जातात; आणि फुकट सॉफ्टवेअरची किंमत शेवटी मनुष्यबळात मोजावी लागते. हे आक्षेप प्रत्यक्ष कामातून आलेले दिसतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्या चर्चेचे मूळ तिथे आहे. मी पुरस्कार केला तो खुल्या मानकाचा, फुकट सॉफ्टवेअरचा नव्हे. अँटेना हाउस फॉर्मॅटर आणि रेंडरएक्सचे एक्सईपी ही दोन्ही व्यावसायिक उत्पादने आहेत, आणि दोन्ही एक्सएसएल-एफओ वाचतात. अपाची एफओपी विनामूल्य आहे आणि तेही तेच वाचते. याउलट जॅस्पररिपोर्ट्स आणि बर्ट या रिपोर्टिंग टूलचा सोर्स कोड खुला असला, तरी त्यांच्या टेम्प्लेटचा (अहवालाची मांडणी सांगणाऱ्या फाइलीचा) साचा त्या त्या प्रकल्पाचा स्वतःचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसची आरडीएल ही टेम्प्लेटची फाइल एक्सएमएलमध्येच असते आणि तिचे तपशील प्रसिद्धही झालेले आहेत. त्यामुळे दोन आवृत्त्यांतला फरक ओळीओळीने पाहता येतो, हा मोठा फायदा आहे. तरीही ती फाइल मुख्यतः एकाच कंपनीच्या इंजिनांवर (टेम्प्लेटवरून पाने तयार करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते. म्हणून टूल निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो असा, की आज लिहिलेले टेम्प्लेट उद्या दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे लिहिलेल्या इंजिनावर चालेल का? किमतीचा प्रश्न त्यानंतर येतो.

हा प्रश्न पुस्तकी नाही. क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्टिंग टूलची वाटचाल पाहा. हे उत्पादन आधी सीगेटकडे, मग बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे आणि त्या कंपनीसोबत पुढे एसएपीकडे गेले. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमिंगच्या साधनाच्या २००८च्या आवृत्तीपर्यंत त्याची एक आवृत्ती सोबत मिळत असे, २०१०पासून ती वेगळी घ्यावी लागली. यात कोणाचा दोष नाही, कंपन्या असे निर्णय घेतच असतात. पण ज्यांचे शेकडो अहवाल क्रिस्टलच्या बायनरी आरपीटी फाइलींत अडकले होते, त्यांना त्या निर्णयांच्या मागे जाण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. अहवालाची मांडणी, त्यातली सूत्रे, कोणत्या अटीवर कोणता रकाना लपवायचा याचे नियम, म्हणजे संस्थेने वर्षानुवर्षे जमवलेले ज्ञान, त्या फाइलीत असते, आणि ते मूळ टूलशिवाय नीट वाचता येत नाही.

आता मानकाच्या वयाविषयी. एक्सएसएल-एफओ ज्यात येते त्या एक्सएसएल मानकाची १.० आवृत्ती २००१मध्ये आणि १.१ आवृत्ती डिसेंबर २००६मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली, २.०चे काम मसुद्यापाशी थांबले. हे मानक यापुढे वाढणार नाही, असे धरूनच निर्णय घ्यावा. पण मास्टर पाने (पानांच्या मांडणीचे नमुने), शीर्ष-तळपट्ट्या, तळटीपा, पुढच्या पानावर पुन्हा उमटणारे तक्त्याचे मथळे, पृष्ठसंदर्भ हे सारे त्यात पूर्ण झालेले आहे, आणि हिशेबाच्या विवरणपत्राला किंवा प्रमाणपत्राला दरवर्षी नव्या सुविधा लागत नाहीत. ज्या चमूला एचटीएमएल आणि सीएसएस उत्तम येते, त्यांनी सीएसएसच्या पृष्ठमांडणीचा मार्ग घ्यावा. प्रिन्स, वीझीप्रिंट आणि अँटेना हाउसचेच फॉर्मॅटर तो मार्ग हाताळतात. मात्र सीएसएसचे ते विभाग अजून मसुद्याच्या अवस्थेत आहेत आणि प्रत्येक इंजिन त्यांतला वेगवेगळा भाग राबवते, हे लक्षात ठेवावे.

माझ्या मते खरा धोका वयाचा नाही, विस्तारांचा आहे. जवळपास प्रत्येक एक्सएसएल-एफओ प्रोसेसर, म्हणजे इंजिन, स्वतःच्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या वेगळ्या गटात) काही जादा सोयी देतो. त्या मोहक असतात, आणि घाईच्या दिवशी हात सहज तिकडे वळतो. असे विस्तार टेम्प्लेटभर विखुरले, की नावापुरते मानक उरते आणि आपण पुन्हा एकाच विक्रेत्याशी बांधले जातो. दुसऱ्या बाजूने, मानकातले सगळेच प्रत्येक प्रोसेसरमध्ये असते असेही नाही. एफओपी तक्त्यातल्या रकान्यांची रुंदी मजकुरावरून आपोआप ठरवत नाही, ती टेम्प्लेटमध्ये द्यावी लागते. म्हणून विस्तार लागलाच, तर तो एक्सएसएलटीच्या एका वेगळ्या मोड्यूलमध्ये ठेवावा, म्हणजे इंजिन बदलताना काय पुन्हा लिहायचे ते एका जागी सापडते.

दुसऱ्या आक्षेपात आपले म्हणणे एका मर्यादेत पूर्ण बरोबर आहे. डेटाबेसमधून माहिती काढून गटवार बेरजा, क्रॉसटॅब (आडवे-उभे सारांश-तक्ते), आलेख, एका आकड्यावर क्लिक करून त्यामागच्या नोंदी पाहणे आणि ठरलेल्या वेळी ईमेल पाठवणे, हे सारे हवे असेल, तर रिपोर्टिंग टूलच घ्यावे. एक्सएसएल-एफओला क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) माहीत नाही, बेरीजही माहीत नाही. पानाच्या तळाशी ‘पुढे नेलेली रक्कम’ छापायची, तर प्रत्येक ओळीची चढती बेरीज एक्सएसएलटीत आधीच काढून ती मार्करमध्ये (मजकुरातल्या अदृश्य खुणेत) ठेवावी लागते, आणि १.१ आवृत्तीतल्या रिट्रीव्ह-टेबल-मार्करने त्या पानावरची शेवटची किंमत तक्त्याच्या तळपट्टीत आणावी लागते. हे जमते, पण रिपोर्टिंग टूलमध्ये जे काही क्लिकमध्ये होते त्यासाठी इथे विचार करावा लागतो.

पण करारपत्र, विमा पॉलिसी, निकालपत्र, नियमपुस्तिका हे अहवाल नव्हेत, दस्तऐवज आहेत. त्यांत मजकुराची लांबी आधी ठाऊक नसते, कलमात उपकलमे असतात, मथळा पानाच्या तळाशी एकटा राहून चालत नाही, आणि एकाच मजकुराच्या अनेक भाषांतल्या प्रती लागतात. रिपोर्टिंग टूलच्या बँडवर (आडव्या पट्ट्यांवर) आधारलेल्या डिझायनरमध्ये असा दस्तऐवज उभा करताना सबरिपोर्टमध्ये (अहवालातल्या उपअहवालात) सबरिपोर्ट घालावे लागतात, आणि ते सहा महिन्यांनी कोणालाच उलगडत नाहीत. तासाभरात तयार झालेल्या अहवालाच्या पुढच्या दुरुस्त्यांचा वेळही तुलनेत धरायला हवा.

देवनागरीविषयी आपण विचारले नाही, तरी इथल्या वाचकांना ते उपयोगी पडेल. एफओपीमध्ये देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा आधार २०१२च्या १.१ आवृत्तीपासून आला. त्याहून जुनी आवृत्ती कुठे वापरात असेल तर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार नीट बसण्याची अपेक्षा ठेवू नये. व्यावसायिक टूलच्या बाबतीतही पडद्यावरची झलक पाहून निर्णय घेऊ नये. प्रत्यक्ष पीडीएफ तयार करून ‘क्ष’, ‘र्‍य’, ‘ष्ट्य’ तपासावेत, आणि त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावा.

आपल्याकडे आज चालू असलेले सगळे अहवाल हलवावेत, असे मी सुचवत नाही. विश्लेषणाचे अहवाल आहेत तिथेच राहू द्यावेत. बाहेरच्या माणसाच्या हाती जाणारा आणि अनेक वर्षे जपून ठेवावा लागणारा एक अवघड दस्तऐवज निवडावा, त्याचे टेम्प्लेट विस्तारांशिवाय लिहावे आणि ते एफओपी व एखादा व्यावसायिक प्रोसेसर अशा दोन्हींवर चालवून दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून पाहावेत. त्यातला फरक आपल्या कामात चालण्याजोगा नसेल, तर त्या दस्तऐवजापुरता आपला आक्षेप मला मान्य असेल.