विलमध्ये अन्नछत्राला हिस्सा ठेवला म्हणून मुलांच्या तोंडचा घास जात नाही

ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेल. थोडक्यात असा, की मृत्युपत्रात अन्नदान करणाऱ्या संस्थांना काही ठेवू नका, मालमत्तेवर मुलांचा कायदेशीर हक्क असतो, एकदा लिहून दिलं की मागे घेता येत नाही, सरकार ८० कोटी लोकांना फुकट धान्य देतंय त्यामुळे भूक उरलेलीच नाही, संस्थावाले पैसे खातात, आणि द्यायचंच तर जिवंतपणी द्या. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी हे वाचून ठरवलेलं विल थांबवलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मुलांचा हक्क. स्वतः कमावलेला फ्लॅट, एफडी, सोनं हे कुणाला द्यायचं ते हिंदू माणूस विलने पूर्णपणे स्वतः ठरवू शकतो, आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला वाटासुद्धा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० नुसार विलने देता येतो. मुस्लिम कायद्यात वारसांची संमती नसेल तर एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, गोव्यात निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, म्हणजे तिथेही वाट बंद नाहीच. आणि सगळं द्या असं म्हणतंय कोण? ९५ टक्के मुलांना आणि ५ टक्के अन्नछत्राला असं लिहिलं तर कुठलं मूल उघड्यावर पडतं?

मागे घेता येत नाही हे साफ खोटं आहे. मला वाटतं बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यात गल्लत झालीय. बक्षीसपत्र केलं की वस्तू तेव्हाच हातातून जाते, ते सहजासहजी फिरवता येत नाही. विल मात्र माणूस गेल्यावरच लागू होतं आणि तोपर्यंत हवं तितक्या वेळा बदलता येतं, शेवटचं असेल ते खरं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्यूटी नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करावं, पुढची भांडणं टळतात.

आता भूक उरली नाही या वाक्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त राग याचा येतो. फुकट धान्य मिळतं हे खरंच आहे आणि ती मोठी गोष्ट आहे, महिन्याला माणशी ५ किलो, गहू नाहीतर तांदूळ. पण त्यात डाळ नाही, तेल नाही, गॅस नाही. आणि ते शिजवायला घर लागतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक राहतात, कुणी बीडचं, कुणी पार बिहारचं, त्यांनी कार्डावर तांदूळ उचलला तरी चूल कुठे मांडायची? त्यांना हातात गरम ताट लागतं. कॅन्सर पेशंट आणि नातेवाइकांसाठी दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे ती याच गरजेपोटी. आणि मुलांचं बघा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने वजनाने कमी निघाली, म्हणजे चारातलं एक मूल, आणि देशाचा आकडा १९.३ होता, आपण त्याच्याही मागे. मेळघाट, धडगाव, मोखाडा या आदिवासी भागांची नावं कुपोषणाच्या बातम्यांत दर पावसाळ्यात पेपरात येतात ती उगाच नाही.

अजून एक, जे बाहेरून दिसत नाही. मी सरकारी दवाखान्याबाहेरच्या एका अन्नछत्रात मदत करते. पितृपक्षात आमच्याकडे अन्नदानासाठी तारीख मिळत नाही, लोक खीर-पुरी द्या म्हणून आग्रह करतात, आणि जूनमध्ये शाळेच्या फिया भरायच्या असतात तेव्हा फोन वाजत नाही, खिचडीत डाळ कमी करावी लागते. रांग मात्र तेवढीच, डब्याचं झाकण पुढे करणारे हात तेवढेच. शिवाय वाढदिवसाचं अन्नदान म्हणजे त्या दिवसाचं जेवण, सिलेंडर, टेम्पोचं भाडं, भांडी घासणाऱ्या मावशींचा पगार यासाठी सहसा कुणी देत नाही. विलमधून आलेली रक्कम ठेव म्हणून ठेवली की तिच्या व्याजावर हे सगळं भागतं.

संस्था पैसे खातात? काही खातात, मान्य. म्हणून तपासा ना. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत ट्रस्टला दरवर्षी हिशोब ऑडिट करून घ्यावे लागतात, आणि तुम्ही दिलेला फ्लॅट विकायचा तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हिशोब मागा, न सांगता जाऊन पंगतीत बसून जेवा. उरलेलं अन्न गोळा करून गरजूंना वाटणाऱ्या रॉबिन हूड आर्मीसारख्या स्वयंसेवकांच्या गटांचे लोक तर पैसे घेतच नाहीत, तिथे वेळ द्या.

जिवंतपणी द्या हे बरोबरच आहे, ज्याला जमतं त्याने द्यावं. पण ७५ वर्षांच्या बाईला अजून किती वर्षं काढायची, दवाखान्याला किती लागेल हे माहीत नसतं, ती आज एफडी मोडून कशी देणार? विलमध्ये लिहिलं तर शेवटपर्यंत पैसा तिचाच राहतो, उरेल त्यातलं जातं. म्हणून ठरावीक रकमेपेक्षा टक्के लिहा, पन्नास हजाराची किंमत वीस वर्षांनी काय राहणार. संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक टाका, ती बंद पडली असेल तर तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला द्यावं असंही लिहा, आणि मुलांना आत्ताच समोर बसवून सांगा. काकूंच्या मुलाला मी स्वतः विचारलं, तो म्हणाला आईला करू दे, माझी काही हरकत नाही.