थोडी खडकाळ

व्हॉट्सॲपवर ट्रेकचा मेसेज आला, "नळीची वाट, बेलपाडा ते हरिश्चंद्रगड. वाट थोडी खडकाळ आहे." माझा सगळा जन्म अकाउंट्समधे गेलेला, त्यामुळे कोणी "थोडी" लिहिलं की मला ते खरंच वाटतं. बायकोला म्हटलं खडकाळ ना, आपल्या सोसायटीबाहेरचा रस्ता गेले आठ महिने खोदून ठेवलाय, त्यावरून रोज जातोच की आपण.

आता या "आळ"चं कसं असतं बघा, रसाळ आंब्यात रस असतो पण आंबापण असतो, दुधाळ म्हशीत म्हैस असते, केसाळ कुत्र्यातसुद्धा चाचपलं तर आत कुठेतरी कुत्रं सापडतंच. त्या हिशोबाने खडकाळ वाटेत खडक असणार हे मान्य, पण वाट? दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि मधल्या घळीत फ्रिजएवढे, कपाटाएवढे, काही तर चक्क टेम्पोएवढे धोंडे, शिफ्टिंगवाले अर्धं सामान टाकून पळून गेल्यासारखे. खडबडीत असतं तर हात फिरवून कळलं असतं, ओबडधोबड असतं तर घडवणाऱ्याला शिव्या घालता आल्या असत्या, इथे घालणार कोणाला?

ग्रुपमधे एक जिऑलॉजीचा पोरगा होता. म्हणे काका हा बेसॉल्ट आहे, लाव्ह्याचे थरावर थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मी त्या वेळी ६.६ कोटी वर्षांना दोन्ही हातांनी मिठी मारून लोंबकळत होतो, म्हटलं बाळा आधी डावा पाय कुठे ठेवू ते सांग.

त्यात वरून लीडर ओरडला, "पुढे घसारा आहे, सांभाळून!" मला जरा बरं वाटलं, ओळखीचा शब्द. दर मार्चला वह्यांमधे मशिनरीची किंमत १५ टक्के उतरवून त्याला घसारा म्हणणारा माणूस मी. इथला घसारा म्हणजे सुटी माती आणि बारीक दगड, एक पाऊल वर टाकलं की दोन पावलं खाली, आणि मशिनरी म्हणजे माझे गुडघे, त्यांची बुक व्हॅल्यू दुपारी दोनपर्यंत शून्यावर आली होती. शेवटच्या रॉक पॅचला तर मला दोरीने जवळजवळ ओढूनच घेतलं, पोतं चढवतात तसं, फोटो आहेत, दाखवणार नाही.

वर कोकणकडा म्हणे फार सुंदर दिसतो. मी आडवा होतो, मला आभाळ दिसलं.

मग एका झोपडीत पिठलं-भाकरी. वाढणाऱ्या आजी म्हणाल्या, "नळीतनं आलात? आन पाचनईनं का नाय आलात, तिकडनं तर म्हातारीकोतारी, कडेवरची पोरं घिऊन येत्यात."

"ती वाट कशी आहे आजी?"

आजींनी ताटात दुसरी भाकरी टाकली. "बरी हाय की. थोडी खडकाळ हाय."