रविवारचा रस्सा आणि बोलकं डुक्कर

घरात लहान मूल सुट्टीला आलं की 'कौटुंबिक' चित्रपट बघावे लागतात, आणि कौटुंबिक म्हटलं की प्राणी बोलणारच. त्यांनी बोलायला माझी हरकत नाही; पण ते नेमके रविवारी, आत कोंबडी शिजत असताना बोलतात.

या खेपेला भाचीने 'बेब' लावला. १९९५ सालचा, ऑस्ट्रेलियात चित्रित झालेला. जत्रेत वजनाचा अंदाज बांधून जिंकलेलं डुकराचं पिल्लू शेतावर येतं आणि कुत्र्यांसारखं मेंढ्या हाकायला शिकतं. गुरगुरायचं नाही, मेंढ्यांना अदबीने विनंती करायची. (आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवायला हवा.)

"मामा, डुक्कर खरंय?"

"खरंय. पण एकच नाही, ४८ होती. पिल्लं भराभर वाढतात, म्हणून बदलावी लागली."

"मग वाढलेली कुठे गेली?"

आतून फोडणीचा वास आला. मी घाईघाईने विषय जबड्यांकडे वळवला. कुठे यांत्रिक बाहुल्या, कुठे खऱ्या प्राण्यांच्या तोंडाला संगणकाची करामत; 'अपोलो १३'चं अख्खं अंतराळयान मागे टाकून ऑस्कर नेलं या जबड्यांनी! तिला अंतराळात रस नव्हता.

त्यात एक बदक पहाटे कोंबड्यासारखं आरवतं. त्याचा हिशेब सरळ आहे: मालकाच्या उपयोगी पडलो, तर ताटात पडणार नाही. ऑफिसात मी वेगळं काय करतो? पुढे नाताळ येतो, सगळे प्राणी धास्तावून खिडकीतून जेवणाच्या टेबलाकडे बघतात, आणि ताटात असते रोझॅना नावाची बदकीण. तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली.

"अहो, मीठ बघता का जरा?"

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बसल्या जागी थिजलो. वातावरण हलकं व्हावं म्हणून सांगितलं, की शेतकऱ्याची भूमिका करणारा जेम्स क्रॉमवेल याच चित्रपटाच्या वेळी वीगन झाला. दूधसुद्धा सोडलं त्याने.

"मग चारचा चहा कोराच टाकू ना तुम्हाला?" बायको दारात उभी होती.

जेवायला बसल्यावर भाची पातेल्यात टक लावून बघत राहिली.

"हिचं नाव काय होतं?"

"हिला नाव नव्हतं, बाळा."

"मग रोझॅना."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. सकाळचं पिठलं उरलंय का, असं हळूच विचारलं.

"मामी," भाची ताट पुढे करत म्हणाली, "रोझॅनाची तंगडी मला."