‘टीव्हीसमोरचा चाहता’: एका प्रतिक्रियेला उत्तर

हायबरीकर,

तुमच्या प्रतिक्रियेखाली दोन ओळी लिहून विषय संपवणार होतो. पण ती कालपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिल २०२५, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी: आर्सेनल-रेआल माद्रिद, घरी एक आणि परक्या मैदानावर एक असे दोन सामने (लेग), दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. पहिला लेग आर्सेनलने घरी ३-० जिंकला. माद्रिदच्या दुसऱ्या लेगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "३-० ची आघाडी असताना इतका घाबरट लेख फक्त टीव्हीसमोरचा चाहताच लिहू शकतो. एकदा इकडे येऊन पाहुण्यांच्या स्टँडमध्ये उभे राहा, मग लिहा." पुढे तीन तक्रारी: रेआलच्या कामाविंगाच्या निलंबनाचा उल्लेख नाही, सेट-पीसवर (फ्री किक, कॉर्नर वगैरे) एक ओळ नाही, आपला बचावपटू किवियोरवर अन्याय केला.

कामाविंगाचं मान्य. पहिल्या लेगच्या अगदी शेवटी त्याला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, तो बुधवारी खेळणार नाही, हे लेखात यायला हवं होतं. बाकीच्या दोन तक्रारींकडे शेवटी येतो. आधी ते पहिलं वाक्य.

तुम्ही लंडनला राहता, आर्सेनलच्या मैदानावर, एमिरेट्सला जाता, हे तुम्ही याआधीच्या प्रतिक्रियांमध्येही सांगितलं आहे. चांगली गोष्ट आहे, मला त्याचा आनंदच वाटतो. पण त्यामुळे माझं पाहणं कमअस्सल कसं ठरतं? युएफाच्या नियमानुसार पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी साधारण पाच टक्के जागा ठेवतात. रेआलचं मैदान बर्नाबेऊ ऐंशी हजारांच्या आसपासचं. म्हणजे माद्रिदला आर्सेनलचे चारेक हजार लोक असतील, आणि तेही वर्षानुवर्षं बाहेरच्या सामन्यांना जाऊन ज्यांनी हक्क कमावला आहे असेच बहुतेक. खुद्द इस्लिंग्टनमध्ये, आर्सेनलच्या वस्तीत जन्मलेली, आजोबांपासून आर्सेनल घरात असलेली हजारो माणसं बुधवारी टीव्हीसमोरच बसणार आहेत. त्यांनाही हेच ऐकवणार का? की हा शेरा फक्त ठाण्यात बसून मराठीत लिहिणाऱ्यासाठी राखून ठेवला होता?

मला राग आला तो इथे. मुद्दा खोडायचा तर मुद्दा खोडा. माणूस कुठल्या खुर्चीत बसलाय यावरून त्याला गप्प करायचं, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही, आणि आपल्याच माणसाने परदेशातून ती वापरावी हे जास्त लागतं.

मी हा संघ २००६ पासून बघतोय. आंरीने बर्नाबेऊत एकट्याने बचाव चिरत जाऊन गोल केला, आर्सेनल १-० ने जिंकलं, तेव्हा मी नाशिकला कॉलेजात होतो. सामना शेजारच्या काकांकडे पाहिला, कारण आमच्या केबलवर ते चॅनल नव्हतं. व्हियारेआलविरुद्ध आपला गोलकीपर लेमानने शेवटच्या मिनिटांत रिकेल्मेची पेनल्टी अडवली तेव्हा त्याच घरात ओरडून सगळ्यांना उठवलं. मग पॅरिसला बार्सिलोनाविरुद्धची अंतिम लढत. अठराव्या मिनिटाला लाल कार्डामुळे लेमान बाहेर, तरी कॅम्पबेलच्या हेडरने आपण पुढे, आणि पंधराएक मिनिटं उरलेली असताना एतो, त्यामागोमाग बेलेत्ती. १-० चं १-२. काकांनी टीव्ही बंद केला आणि काही न बोलता मला पाणी आणून दिलं. तेव्हापासून या २०२५ च्या लढतीपर्यंत त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत आपण पुन्हा गेलो नाही. २००९ नंतर तर तोवर उपांत्य फेरीही नाही. बायर्नकडून ओळीने ५-१, ५-१. २०२४ ला म्युनिकला बायर्नच्याच किमिशचा एक हेडर आणि खेळ खलास. हे सगळं मी टीव्हीवर पाहिलं. तुम्ही स्टेडियममधून पाहिलं असेल, तर तुम्हाला जास्त आठवायला हवं.

आता "घाबरट".

३-० चं ओझं मला रेआलच्या दंतकथांमुळे वाटत नाही, आपल्याच अनुभवामुळे वाटतं. २०१२ साली मिलानने आपल्याला सान सिरोवर ४-० हरवलं. परतीच्या सामन्याला एमिरेट्सवर कोणालाच आशा नव्हती. कोसिएल्नी, रोसित्स्की, मग फान पर्सीची पेनल्टी, आणि मध्यंतरापूर्वीच ३-०. चौथा गोल झाला नाही, पण मिलानच्या खेळाडूंचे त्या रात्रीचे चेहरे आठवा. तीन गोल ही मोठी आघाडी वाटते, ती पहिला गोल खाईपर्यंत. आणि परवाच्या सामन्यात आपण तरी काय केलं? राइसची फ्री किक अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, दुसरी सत्तराव्या, मेरीनो पंचाहत्तराव्या. सतरा मिनिटांत तीन गोल, तेही रेआलविरुद्ध. २०२२ मध्ये पीएसजीविरुद्ध बेंझेमाची हॅट्ट्रिक बर्नाबेऊत झाली तीही बरोबर सतरा मिनिटांत.

चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पहिल्या लेगची तीन किंवा जास्त गोलांची आघाडी एप्रिल २०२५ पर्यंत चारदा पुसली गेली: २००४ मध्ये देपोर्तिवोने मिलानची, २०१७ मध्ये बार्सिलोनाने पीएसजीची, २०१८ मध्ये रोमाने बार्सिलोनाची, २०१९ मध्ये लिव्हरपूलने पुन्हा बार्सिलोनाचीच. चारही वेळा घरच्या मैदानावर. रेआलने जुन्या काळात हे केलेलं आहे. १९७५ ला डर्बीकडून ४-१ हरून घरी ५-१. १९८४ ला अँडरलेख्तकडून नेमकं ३-०, आणि घरी ६-१. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, ग्लाडबाखकडून ५-१ हरून घरी ४-०. मी तारखा तपासून लिहितो. नुसता ‘घाबरट’ लेख लिहायला इतका अभ्यास लागत नाही.

शिवाय बाहेरच्या गोलाचा नियम (एकूण गोल बरोबरीत असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) २०२१ मध्ये गेला. पूर्वी आपण तिथे एक गोल केला की ४-१ हरूनही पुढे गेलो असतो. आता त्याच निकालावर जादा वेळ खेळावा लागेल, त्याच मैदानावर, छप्पर बंद करता येणाऱ्या त्या गोंगाटात. हे लेखात होतं. त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत.

सेट-पीस: राइसच्या दोन फ्री किकवर आठवडाभर सगळे लिहीत आहेत. मला दुसरं सांगायचं होतं.

किवियोर: आपला नेहमीचा बचावपटू गाब्रिएल जायबंदी झाल्यावर तोच उरतो, आणि पहिल्या लेगमध्ये तो चांगला खेळला, हे तिसऱ्या परिच्छेदात आहे. पुन्हा वाचा. एम्बापे आणि विनिसियस घरच्या मैदानावर धावत येताना त्याची परीक्षा वेगळी असेल, इतकंच मी म्हटलं, आणि त्यावर ठाम आहे.

मला वाटतं आपण पुढे जाऊ. लेखाच्या शेवटी तसं लिहिलंही आहे, तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत. पण तिथे मागे बसून आघाडी राखता येत नाही. साकाला वर ठेवायला हवं, त्यांच्या बचावाला वळून धावायला लावायला हवं, एक गोल करायला हवा. मग त्यांना नव्वद मिनिटांत पाच लागतील. तो गोल होईपर्यंत मी घाबरलेलाच असणार, रात्री साडेबाराला, टीव्हीसमोर.

सामन्यानंतर पुन्हा लिहीन. तेव्हा प्रतिक्रिया खेळावर द्या, माझ्यावर नको.