एसईलिनक्स ‘परमिसिव्ह’ करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या गिरगावातल्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : अँड्रॉइडच्या कर्नलमधलं (म्हणजे फोनच्या प्रणालीच्या गाभ्यातलं) एसईलिनक्स, अर्थात कोणत्या प्रोग्रॅमनं कशाला हात लावायचा याचे नियम पाळायला लावणारी सुरक्षा यंत्रणा, अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेनं बनवलंय, म्हणजे तो चोरदरवाजा आहे. ॲपच्या परमिशन असताना त्याची गरज नाही. त्यानं फोन मंदावतो. आणि हॅकर ते तोडतातच, मग ठेवायचं कशाला? खाली फोन रूट करून (म्हणजे त्याचे सर्वोच्च अधिकार उघडून) ते ‘परमिसिव्ह’ करण्याची, म्हणजे नियम नुसते नावापुरते ठेवण्याची कृती. परवा कळलं की वरच्या मजल्यावरच्या मुलानं लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन स्वतःच्या आणि आईच्याही फोनवर हे करून घेतलं. काकूंचं यूपीआय आणि बँक, दोन्ही त्याच फोनवर आहेत. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एनएसए. एसईलिनक्सची सुरुवात तिथेच झाली, हे खरं आहे. एनएसएवर संशय घेणाऱ्यांनाही मी वेडं म्हणणार नाही. २०१३मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं तिची गुप्त कागदपत्रं बाहेर काढली, आणि ड्युअल ईसी नावाची यादृच्छिक संख्या बनवायची जी पद्धत एनएसएनं पुढे केली होती, ती अमेरिकेच्याच मानक संस्थेला २०१४मध्ये मागे घ्यावी लागली. पण तिथे संशय कशाचा होता? त्या पद्धतीत काही स्थिरांक, म्हणजे आधीच ठरवून दिलेले आकडे होते आणि ते कुठून आले हे कुणी सांगत नव्हतं. एसईलिनक्समध्ये असा गुपित आकडाच नाही. त्याचा कोड डिसेंबर २०००पासून खुला आहे, २००३मध्ये तो मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आला, आणि गेली वीसेक वर्षं एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे लोक तो वाचताहेत, दुरुस्त करताहेत. अँड्रॉइडसाठीचे मूळ नियम अँड्रॉइडच्याच खुल्या कोडमध्ये साध्या मजकुरात आहेत. कोणता डोमेन (म्हणजे एकसारखे नियम लागू असलेला प्रोग्रॅमचा गट) कोणत्या प्रकारच्या फाइलला हात लावू शकतो, ते कुणालाही वाचता येतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या रचनेत आहे. कर्नल आधी नेहमीची मालकीची तपासणी करतो : फाइल कुणाची, परवानगी कुणाला. तिथे ‘नाही’ आलं की विषय संपला. ‘हो’ आलं, तरच एसईलिनक्सला विचारलं जातं. पहिल्या तपासणीनं नाकारलेलं ते देऊ शकत नाही. जे फक्त जास्तीचा नकार देऊ शकतं, त्याला चोरदरवाजा कसं म्हणायचं?

दुसरा मुद्दा परमिशनचा, आणि खरा घोळ इथेच आहे. कॅमेरा, माइक, लोकेशन यांबद्दल फोन आपल्याला विचारतो, ती ॲपसाठीची व्यवस्था. पण फोनमध्ये ॲपशिवाय ढीगभर सेवा चालतात आणि त्यांतल्या काही रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालतात. नुसत्या मालकीच्या तपासणीच्या जुन्या व्यवस्थेत रूटला कुणी अडवत नाही. २०११मधला जिंजरब्रेक हा हल्ला आठवा. स्टोरेज सांभाळणारी व्होल्ड ही सेवा रूट म्हणून चालायची, आणि आलेला संदेश कर्नलकडूनच आलाय का हे ती तपासत नव्हती. साध्या ॲपनं खोटा संदेश पाठवला की फोन त्याच्या ताब्यात. यात परमिशनची एकही खिडकी उघडत नाही, त्यामुळे वापरणाऱ्याला ‘नको’ म्हणायची संधीच मिळत नाही. एसईलिनक्सच्या नियमांत साध्या ॲपला तसल्या संदेशांचं सॉकेटच, म्हणजे संदेश पाठवायची वाटच, उघडता येत नाही. व्होल्डमधली चूक तशीच राहिली असती, तरी हल्ला तिथवर पोचला नसता.

आपल्या लोकलचं उदाहरण घ्या. गाडी मोटरमनच्या हातात असते. तरी त्यानं लाल सिग्नल ओलांडला तर एडब्ल्यूएस यंत्रणा ब्रेक लावते. तो किती अनुभवी आहे, हे ती विचारत नाही. सक्तीचं नियंत्रण म्हणतात ते हेच : नियम यंत्रणेचा, चालवणाऱ्याच्या मर्जीचा नाही. रूटलाही तो लागू.

अँड्रॉइडच्या व्हिडिओ हाताळणीत २०१५मध्ये सापडलेल्या स्टेजफ्राइट या चुकांनंतर काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. तेव्हा व्हिडिओ फाइल उलगडणं, कॅमेरा, आवाज ही सगळी कामं मीडियासर्व्हर या एकाच प्रोसेसमध्ये (चालत्या प्रोग्रॅममध्ये) होती. बिघडवलेला एक व्हिडिओ आला की त्या सगळ्या अधिकारांना धोका. अँड्रॉइड ७मध्ये त्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाला वेगळा डोमेन दिला. फाइल उलगडणाऱ्या तुकड्याला आता ना कॅमेरा, ना नेटवर्क. परमिसिव्ह केलं की नियमांच्या या भिंती पडतात. कर्नल फक्त लॉगमध्ये नोंद करतो की हे अडवायला हवं होतं, आणि जाऊ देतो.

फोन मंदावतो, यात फारसा दम नाही. एकदा घेतलेला निर्णय कर्नल कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या तात्पुरत्या साठ्यात ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलतो. खर्च शून्य नाही, पण हाताला जाणवणारा मंदपणा बहुधा भरलेल्या स्टोरेजचा किंवा थकलेल्या बॅटरीचा असतो.

राहिलं ‘हॅकर तोडतातच’. कर्नलमध्येच मोठी चूक सापडली तर हल्लेखोर एसईलिनक्सही बंद करू शकतो, हे मी मान्य करतो. पण त्या चुकीपर्यंत त्याला पोचावं लागतं. ॲपनं कोणता ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलचा भाग) उघडावा आणि त्याला कोणती आज्ञा द्यावी, यावरही अँड्रॉइडचे नियम बंधन घालतात. वाट अरुंद झाली की किती चुका निव्वळ आवाक्याबाहेर जातात! अँड्रॉइड ४.३मध्ये हे सगळं फक्त नोंदीपुरतं होतं, ४.४मध्ये मोजक्या सेवांवर सक्ती आली, आणि २०१४च्या ५.०पासून सगळ्यांवर. त्या मेसेजमधली कृती फोनला एका फटक्यात २०१३मध्ये नेऊन ठेवते, तेही रूटची किल्ली आत तशीच ठेवून.

ज्यांनी हे करून घेतलंय, त्यांनी फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबी शेलमध्ये (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनात) ‘गेटएन्फोर्स’ (getenforce) ही आज्ञा द्यावी. उत्तर ‘परमिसिव्ह’ आलं तर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) लॉक करा. लॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो आणि नंबर आधी काढून घ्या. काकूंचा फोन मी रविवारी करून देतोय. आणखी कुणाचा असेल तर त्याच दिवशी घेऊन या.